पांढरी सहावरून पांढरी तीनवर

पहाटे साडेपाच

आज रात्री नऊ ते दहा हा एक तास मला हवा तसा वाजवायला मिळणार आहे. विजापूर रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन आहे. नवरामुलगा पुण्यात नोकरीला असतो. त्याने पंधरा दिवसांपूर्वी फोन केला होता. म्हणाला, "साडेसात ते नऊ घरच्यांची गाणी वाजव. नऊनंतरचा तास प्रोग्रेसिव्ह हाउस पाहिजे. सलग, कुठंही न तुटता." सोलापुरात अशी मागणी वर्षातून दोन-तीनदा येते. ती आली की त्या दिवशी मी दुसरे काम घेत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरून येतो. मोबाइल घरीच ठेवतो. दिवसभर कानांवर कितीही ताण पडणार असला, तरी हा पाऊण तास त्यांना मोकळा मिळतो. मंदिराची घंटा, पाण्यावरचे बगळे, दुधाच्या गाडीवरच्या कॅनचा खडखडाट एवढेच आवाज. परतताना भद्रावती पेठेत शिरलो की माग ऐकू येतात. शेजारच्या कारखान्यात टॉवेलचे जुने धोट्याचे माग आहेत. घड्याळ लावून मोजले तर एका मागाचे ठोके मिनिटाला शंभराच्या थोडे वर भरतात. दोन माग शेजारी चालू असले की त्यांचे ठोके काही क्षण एकत्र पडतात, मग एक पुढे सरकतो, मग पुन्हा दोघे जुळतात. दोन लयी जुळणे आणि सुटणे म्हणजे काय, हे मी कुठलेही मशिन हाताळायच्या आधी या भिंतीपलीकडून ऐकले आहे.

सकाळी सात

आमच्या घरात आबांची पेटी आहे. आबा नरसिंग गिरजी मिलमध्ये होते, आणि एकादशीला पेठेतल्या भजनी मंडळात पेटीवर बसायचे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे भजन हा आमच्याकडे कौतुकाने ऐकायचा कार्यक्रम कधीच नव्हता, ते घरातले रोजचे काम होते. बुवा आले की आबांचा पहिला प्रश्न, "कुठली पट्टी?" बुवा म्हणायचे, "काळी एक." म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी सा मानायची. मग भाता हलायचा.

आज मी जे काम करतो त्याला जगभरात हार्मोनिक मिक्सिंग म्हणतात. मला ते 'कुठली पट्टी?' या प्रश्नावरूनच कळते. एक गाणे संपत आले असताना दुसरे त्याच्याखाली सुरू करायचे, एक-दीड मिनिट दोन्ही एकत्र वाजू द्यायची, आणि त्या वेळात दोघांचे स्वर एकमेकांना टोचता कामा नयेत. ठोके जुळवणे हे त्यातले निम्मे काम. उरलेले निम्मे पट्टी जुळवण्याचे.

पट्ट्या किती? बारा स्वर आणि प्रत्येकावर दोन स्वभाव. एक मेजर, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. दुसरा मायनर, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल असलेल्या आसावरी थाटाचे स्वर. एकूण चोवीस. मार्क डेव्हिस यांनी या चोवीस पट्ट्या घड्याळाच्या तबकडीसारख्या चक्रावर मांडल्या. त्याला कॅमलॉट चक्र म्हणतात. एक ते बारा आकडे, मायनरला 'ए', मेजरला 'बी'. आपली पांढरी सहा मायनर म्हणजे ८ए, पांढरी तीन मायनर म्हणजे ९ए, पांढरी दोन मायनर म्हणजे ७ए. नियम सोपा आहे. त्याच आकड्यावर राहा, शेजारच्या आकड्यावर जा, किंवा त्याच आकड्याच्या ए-बी मध्ये बदल करा. गाणी एकमेकांत मिसळतील.

हा नियम मी पाठ केला तेव्हा आबांच्या पेटीजवळ बसून तपासला, आणि त्या दिवशी मला खरा आनंद झाला. आकडा एकाने पुढे सरकतो म्हणजे षड्ज पंचमावर जातो. एकाने मागे येतो म्हणजे षड्ज मध्यमावर जातो. बुवांचे भजन संपून बाईंचे सुरू व्हायचे तेव्हा आबा कित्येकदा तेच करायचे, मध्यमाला सा मानायचे. बैठक मोडायची नाही आणि गळ्याला सोय व्हायची. नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरच्या स्वरांना संवादी म्हटले आहे. तेरा श्रुती म्हणजे पंचम, नऊ म्हणजे मध्यम. चक्रावरचे उजवीकडचे आणि डावीकडचे घर हेच. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे चक्र परके वाटण्याचे कारण नाही.

म्हणून सकाळचा रियाज पेटीवर. भाता धरायचा, पांढरी सहाचा सा लावायचा, त्यावर पंचम. मग पंचमालाच सा मानायचे आणि त्याचा पंचम शोधायचा. सहावरून तीन, तीनवरून सात, सातवरून काळी तीन. अर्धा तास हेच. आई आतून म्हणते, "आज भजन हाय का डीजे?" मी म्हणतो, "दोन्ही."

सकाळी साडेनऊ

आता लॅपटॉप. नव्या गाण्यांची पट्टी ओळखायची.

२००६ साली मिक्स्ड इन की हा प्रोग्राम आला आणि गाण्याची पट्टी संगणक सांगू लागला. आता रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या प्रोग्राममध्येही ती सोय आहे. फाइल टाकली की काही सेकंदांत समोर आकडा येतो. त्याआधीचे डीजे कानाने ओळखायचे आणि रेकॉर्डच्या पाकिटावर पेन्सिलने लिहून ठेवायचे. मी संगणकाचा आकडा घेतो, पण पेटीवर तपासल्याशिवाय वहीत लिहीत नाही. आज आठ नवी गाणी होती, त्यांतली सात बरोबर निघाली. आठव्याला संगणकाने ६ए म्हटले, म्हणजे पांढरी पाच. मी पाचचा सा दाबून धरला आणि गाणे लावले. काही वेळ बरे वाटले, पण सुरावट घरी येऊन थांबली ती पांढरी दोनवर. म्हणजे ते ७ए होते. शेजारच्या पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर एकच असतात, म्हणून यंत्र तिथे फसते. कुठले स्वर किती वेळा आले ते यंत्र मोजते. स्वर कुठे येऊन विसावतात हे ओळखायला कान लागतो.

पेटीबद्दल एक सांगितले पाहिजे. आबांची पेटी किंचित चढी होती. जुन्या पेट्या अशा असतात आणि भजनात त्याने काही बिघडत नाही. पण ही गाणी साधारणपणे ४४० हर्ट्झच्या पांढरी सहाला धरून बनवलेली असतात. त्या चढ्या पेटीवर तपासताना माझा दोन-तीनदा घोटाळा झाला. मग पेटी कारागिराकडून उतरवून घेतली. आबा असते तर आधी रागावले असते आणि मग त्यांनीच कान लावून पाहिला असता.

दुसरी तपासणी वेगाची. गाणे मूळ वेगापेक्षा जलद वाजवले की त्याचा स्वरही चढतो. साधारण सहा टक्के वेग वाढवला की पट्टी अर्धा स्वर वर जाते. मिनिटाला १२६ ठोक्यांचे गाणे १२२ वर आणले तर वेग तीन टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो आणि पट्टी दोन स्वरांच्या मधोमध लटकते. तिथे ती कुणाशीच जुळत नाही. आता मशिनवर मास्टर टेम्पोचे बटण असते. ते दाबले की वेग बदलतो, पट्टी जागेवर राहते. पण फार ओढाताण केली की ठोक्याचा खणखणीतपणा जातो, आवाज भुसभुशीत होतो. म्हणून मी मुळातच जवळच्या वेगाची गाणी निवडतो आणि बटणावर कमीत कमी भार टाकतो.

सकाळी साडेअकरा

तासाचा नकाशा काढायचा. हे मी वहीत, पेन्सिलने करतो.

प्रोग्रेसिव्ह हाउसचे गाणे सात-आठ मिनिटांचे असते. चारी मात्रांवर सारखा ठोका, आणि त्यावर आठ-आठ, सोळा-सोळा बारांनी (एका बारात चार ठोके) एकेक थर चढत जातो. आधी नुसता ठोका आणि झांज, मग खर्ज, मग पसरलेले स्वर, आणि सुरावट खूप उशिरा. घाई नाही. मला यात विलंबित ख्यालाची बढत दिसते. हाउस हे नाव शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून पडले असे म्हणतात. तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत असत. हाउसची ही सावकाश उलगडणारी शाखा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वाढली. साशा आणि जॉन डिगवीड यांचा १९९४ चा 'रेनेसान्स' संग्रह ऐकला की, एका गाण्याची कड दुसऱ्यात कुठे मिसळली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी शिकलो ते असेच, रात्री हेडफोन लावून आणि वही पुढे घेऊन.

आणि आपलाही यात हात आहे. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेमासंगीतातल्या वादकाने रोलंडची सिंथेसायझर आणि ठोक्यांचे यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले आणि त्यांची तबकडी काढली. तेव्हा फार कुणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झाले, कारण शिकागोत अ‍ॅसिड हाउस जन्मायच्या काही वर्षे आधी तशाच यंत्रांवर यमन, मालकंस आणि भैरवी वाजून झाली होती. हे वाचल्यापासून मी या कामाला उसने मानत नाही.

आजचा नकाशा असा. दहा गाणी, प्रत्येकाची निव्वळ साडेपाच मिनिटे. सुरुवात ४ए, पांढरी चार. मग ५ए, पांढरी एक, त्याच घरात दोन गाणी, कारण त्या वेळी लोक जेवणाच्या ताटावर असतील, त्यांना हलवायचे नाही. मग ६ए पाच, ७ए दोन, ८ए सहा, ९ए तीन. चारपासून तीनपर्यंत दर वेळी पंचम. नववरून अकरावर उडी, म्हणजे पांढरी तीनवरून एक पूर्ण स्वर वर, काळी तीन. ही उडी शेजारच्या घराची नाही. पाचच स्वर समान राहतात. पण तिथे लोक नाचत असतील, आणि अशा वेळी पट्टी एक स्वर चढली की पायांत नवे बळ येते. भजनातसुद्धा गजर रंगला की बुवा पट्टी चढवतात. काळी तीनवर दोन गाणी आणि शेवट ११बी, म्हणजे पांढरी सहा मेजर.

हा शेवट मला फार आवडला आहे. सहावे गाणे पांढरी सहाचे, पण मायनर, गंधार कोमल. दहावेही पांढरी सहाचेच, पण गंधार शुद्ध. तासाभराची वाट चालून त्याच षड्जावर परत यायचे आणि कोमल गंधार शुद्ध झालेला ऐकायचा. ऐकणाऱ्याला हे सांगता येणार नाही, पण उजाडल्यासारखे वाटेल.

दुपारी दीड

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. आई म्हणते, "रात्री तिथं जेवशील का नाही, आत्ता नीट खा की." मग तासभर झोप. कान हे स्नायूसारखे असतात, थकले की वरचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. थकल्या कानाचा डीजे झांज वाढवत राहतो आणि त्याला ते कळत नाही.

दुपारी साडेतीन

टेम्पो भरला. दोन टॉप, खर्जासाठी दोन सब, मिक्सर, दोन प्लेअर, वायरींची पेटी, स्टॅबिलायझर. माझ्याबरोबर दोन पोरे आहेत, दोघेही शिकतात. टेम्पोवाला दर वेळी तेच विचारतो, "एवढंच? मिरवणुकीला तर भिंत लावतेत."

हा विषय माझ्या जिवाचा आहे. आमच्याकडे 'डीजे' म्हणजे माणूस राहिलाच नाही. डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. "डीजे लावला", "डीजे फुटला", "डीजे बंद करा" असे लोक म्हणतात तेव्हा त्या शब्दात गाणी निवडणारा कुणी नसतोच. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारी माणसे दार लावून आत बसतात, तान्ही मुले दचकून रडतात. सोलापूरकर त्याविरुद्ध बोलू लागले तेव्हा माझ्या धंद्यातल्या काहींना राग आला. मला नाही आला. माझे स्वतःचे घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे. आईचे रक्तदाब मोजायचे यंत्र मीच तिच्या दंडाला बांधतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मी हे नियम छापून वायरींच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. लॉनच्या मागे वस्ती आहे. म्हणून टॉप आतल्या बाजूला, नाचायच्या चौकोनाकडे किंचित खाली झुकवून लावतो, आणि सब भिंतीपासून दूर ठेवतो, कारण कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि मागच्या घरांत शिरतो.

संध्याकाळी साडेपाच

सगळे जोडले, आवाज उघडला आणि स्पीकरमधून घरघर आली. काही वाजत नसताना येणारी सलग घरघर. पोरगा म्हणाला, "थोडीच हाय, गाणं लागलं की कळत नाही." मी त्याला पेटीचे ॲप उघडायला सांगितले आणि म्हटले, "कुठला सूर हाय ते शोध."

आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर येते. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची. म्हणजे ही घरघर म्हणजे जवळजवळ पांढरी पाचच, पण किंचित चढी, बेसूर. ६एच्या गाण्याखाली ती खपून गेली असती. पण काळी तीनच्या गाण्यांत ती षड्जाच्या डोक्यावर साधारण अर्ध्या स्वराच्या अंतरावर बसली असती, आणि शेवटची वाट कुणालाही कारण न कळता अस्वस्थ झाली असती. कारण शोधले. मिक्सरची वीज स्टेजच्या बोर्डावरून आणि ॲम्प्लिफायरची जनरेटरच्या बोर्डावरून घेतली होती. दोन्ही एकाच बोर्डावर आणले, अर्थिंग एक झाले, घरघर गेली. पोरगा शांत झालेल्या स्पीकरला कान लावून उभा राहिला. त्याला म्हटले, "आता कळलं का, ती होती ते?"

संध्याकाळी साडेसात

स्टेजवर मुलगा-मुलगी, पुढे रांग, हातांत पाकिटे. आता घरच्यांची गाणी. जुनी मराठी भावगीते, साठ-सत्तरच्या दशकांतली हिंदी, मग नवी. इथे मी दोन गाणी एकमेकांत मिसळत नाही. शब्दांच्या गाण्याला त्याचा शेवट मिळू द्यावा. पण क्रम लावताना पट्टीचा विचार करतोच. एक संपून दुसरे लागते तेव्हा दुसऱ्याचा पहिला स्वर आधीच्याच्या पंचमाचा किंवा मध्यमाचा असेल तर गर्दीला धक्का बसत नाही.

रात्री नऊ

पांढरी चार. वेग मिनिटाला ११९. पहिली तीन गाणी लोकांनी ऐकली असे म्हणणार नाही. ते जेवत होते, बोलत होते, आणि तेच मला हवे होते. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला कुणाला ओरडावे लागत नव्हते. चौथ्या गाण्याला मुलाचे मित्र चौकोनात आले. सहाव्यापर्यंत वेग १२२ वर नेला होता.

सहावरून तीनवर, ८एवरून ९एवर जाण्याची जागा मी दिवसभर डोक्यात वाजवत होतो. सहाव्या गाण्याची स्वरावली पांढरी सहा मायनरची. त्यात पांढरी चार आहे. सातवे पांढरी तीनचे. त्यात पांढरी चार नाही, तिच्याऐवजी काळी तीन आहे. बाकीचे सहा स्वर तेच. चक्र म्हणते, 'शेजारी आहेत, मिसळा.' पण जुन्या गाण्याचे पसरलेले स्वर नेमके दर चार बारांत एकदा पांढरी चारवर येतात. त्या क्षणी नव्या गाण्यात काळी तीन वाजली तर दोन स्वर एकमेकांवर घासणार. संवादी घरांतही एक स्वर भांडखोर असतो. तो कुठे बसतो हे चक्रावर लिहिलेले नसते, ते गाणे ऐकूनच कळते.

म्हणून बेत असा. बत्तीस बार, म्हणजे १२८ ठोके. मिनिटाला १२२च्या वेगाने ६३ सेकंद. पहिल्या आठ बारांत नवे गाणे फक्त झांजेपुरते वर आणायचे, त्याचा खर्ज पूर्ण बंद. दुसऱ्या आठांत जुन्याचा मधला पट्टा हळूहळू खाली, म्हणजे ते पसरलेले स्वर विरघळत जातील. सोळाव्या बाराच्या शेवटी खर्जाची अदलाबदल. जुन्याचा खर्ज बंद, त्याच ठोक्यावर नव्याचा सुरू. दोन खर्ज एकत्र वाजू द्यायचे नाहीत, त्याचे चिखलकालवण होते. सतराव्या बारापासून जुन्याचा नुसता ठेका उरतो, आणि तेव्हा कुठे नव्याची सुरावट उघडायची.

हेडफोनचा एक कान उघडा, एक झाकलेला. एका कानात लॉन, दुसऱ्यात येणारे गाणे. बार मोजत होतो तेवढ्यात मुलीचे मामा काउंटरशी आले.

"ओ डीजे, आवाज वाढवा की जरा. लांबून ऐकू येईना."

"मामा, एक मिनिट थांबा. वाढल्यासारखा वाटंल."

त्यांना हे उत्तर पटले नाही, पण ते थांबले. सोळावा बार आला. मी जुन्याचा खर्ज काढला आणि नव्याचा लगेच घातला नाही, एक बार रिकामा सोडला. चार ठोके. खालून जमीन काढून घेतल्यासारखे झाले. नाचणाऱ्यांचे हात वर थांबले. मग पांढरी तीनचा खर्ज आला. आवाजाची दांडी मी तसूभरही हलवली नव्हती. चौकोनातून एकदम आरोळी उठली. मामांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि गर्दीत शिरले. पुन्हा आले नाहीत.

मला जे सांगायचे आहे ते या चार ठोक्यांत आहे. माणसाचा कान डेसिबल मोजत नाही, फरक मोजतो. जे सतत मोठे आहे ते काही वेळाने त्याला मोठे वाटेनासे होते, म्हणून ते आणखी मोठे करावे लागते, आणि त्याला अंत नाही. भिंत अशीच वाढत गेली. पट्ट्या जुळलेल्या असल्या, एक स्वर दुसऱ्याला जागा करून देत असला, खर्ज योग्य वेळी गेला आणि योग्य वेळी आला, तर साठ माणसे दोन टॉप आणि दोन सबवर मनापासून नाचतात. मागच्या घरातल्या खिडकीत दिवा होता. सबंध तासात ती खिडकी कुणी बंद केली नाही.

रात्री नऊ चाळीस

काळी तीनची उडी. आधी भीती होती. पाचच स्वर समान, म्हणून इथे सावकाश मिसळणे नाही. जुने गाणे नुसत्या ठेक्यावर आले, नवे ठेक्यावरच सुरू झाले, आठ बारांत पदर बदलला. पट्टी चढल्याचे पायांना कळले.

नऊ पन्नासला शेवटचे. काळी तीन मायनर आणि पांढरी सहा मेजर यांचे सातही स्वर एकच, फक्त षड्ज बदलतो. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. त्यामुळे दीड मिनिट दोन्ही गाणी निर्धास्त एकत्र ठेवता आली. मग हळूहळू विसावा काळी तीनवरून पांढरी सहावर सरकला आणि शुद्ध गंधार लागला. मुलगा स्टेजवरून उतरून मित्रांत आला होता. मुलगी शालू सावरत शेजारी उभी होती. जेवणाच्या बाजूला एक आजी खुर्चीत बसून मांडीवर ताल धरत होत्या. त्यांच्या खांद्यावर नातवंड झोपलेले होते.

नऊ पंचावन्नला दांडी खाली. कुणी 'एकच, एकच' म्हणाले. मी हात जोडले आणि घड्याळाकडे बोट दाखवले.

रात्री साडेअकरा

टेम्पो खाली केला. पोरे गेली. आईने दूध झाकून ठेवले होते. कार्यक्रमाच्या रात्री मी झोपायच्या आधी वही लिहितो, कान ताजे असेपर्यंत.

आजच्या नोंदी. पाचव्यातून सहाव्यात जाताना नव्याची सुरावट चार बार लवकर उघडली, तिथे जुन्याची काळी पाच आणि नव्याची पांढरी सात एकमेकांच्या अंगावर आल्या. पुढच्या वेळी बाराव्या बारापर्यंत थांबायचे. तिसरे गाणे या लॉनला खर्जात जड, बदलायचे. काळी तीनची उडी ठेवायची. संगणकाने ६ए सांगितलेल्या त्या गाण्यासमोर पेनाने पक्के ७ए लिहिले.

मग दिवा मालवला. पलीकडे रात्रपाळीचे माग चालू होते. दोन माग थोडे पुढेमागे पडत होते. मी पडल्या पडल्या ते पुन्हा केव्हा जुळतात ते मोजत राहिलो.